एका रात्रीत दोनदा मोजलेला माणूस

थॉर्नशॉच्या दफनभूमीत, वरच्या अंगाला कुंपणालगत एक काळा दगड आहे. त्याखाली माणसं दोन झोपली होती आणि नाव मात्र एकाचंच कोरलेलं होतं. सेरा एलन ओमरॉड, मृत्यू १९५१. तिच्या नावाखाली हातभर जागा कोरी. त्या कोऱ्या जागेखाली तिचा नवरा अमोस १९५९ सालापासून पडून होता. जिवंतपणी ज्याची जीभ क्षणभर टाळूला लागत नसे, त्याला मेल्यावर बासष्ट वर्षं निनावी राहावं लागलं. ही करणी कुणा वैऱ्याची नव्हे, त्याच्या पोटच्या पोरीची.

पोरीचं नाव एडिथ. नोरा आणि क्लिफर्ड या भावंडांची ती आई. बापाला तिने नीट पुरलं, शोकाच्या जेवणाला हॅम कापला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहा दिला. पण दगडावर नाव? "एकवीस साली तो आम्हाला सोडून गेला होता," एवढंच ती म्हणे आणि ओठ मिटून घेई. पुढचं शेजारणी सांगत. गिरण्या बंद पडल्या होत्या तेव्हा अमोस ब्लॅकपूलला पळाला, तिथे फझाकर्ली नावाच्या एका विधवेच्या घरी तीन महिने राहिला आणि पानगळीच्या सुमाराला हात हलवत परत आला. अठ्ठ्याऐंशी साली एडिथ गेली तेव्हा अंथरुणाशी क्लिफर्डला बसवून तिने वचन घेतलं: त्याचं नाव कोरायचं नाही. क्लिफर्डने दिलं. तेहतीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. त्याला शब्द आणि थांबा दोन्ही चुकवता येत नसत.

आणि दफनभूमीचा नियम असा, की थडग्याचे हक्कदार जितके तितक्यांची सही हवी. हक्कदार दोन. नोरा केव्हाची तयार होती.

नोरासाठी अमोस म्हणजे आजोबा, म्हणजे तंबाखू आणि यंत्राच्या तेलाचा वास, बशीत ओतलेला चहा आणि रविवारी दुपारी गुडघ्यावर बसून ऐकलेल्या थापा. अमोस गिरणीत जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि नीट चालत असला की विणकरणींना गोष्टी सांगून सांगून बिघडवायचा. एकदा म्हणे त्याच्या सोळा नंबरच्या मागावरून धोटा असा सणसणत सुटला की खिडकी फोडून बाहेर गेला, दरीपलीकडच्या गिरणीत शिरला, तिथल्या मागावर चौदा वार कापड विणलं आणि संध्याकाळी भोंगा झाल्यावर परत आला. "आणि आजोबा, ते कापड कुणाचं झालं?" छोटी नोरा विचारायची. "त्याच्यावरूनच तर भांडण लागलं, पोरी. अजून मिटलं नाही."

त्या थापांच्या ढिगातली एक गोष्ट एकवीस सालची. ब्लॅकपूलला तो म्हणे सर्कशीत कामाला होता. रोज सकाळी रोझी नावाच्या हत्तिणीला समुद्रावर नेऊन ब्रशाने घासायचा. रोझीने एका पाद्र्याची गवती टोपी खाल्ली, वाळूत रुतलेली घोडागाडी सोंडेने ओढून काढली, आणि भरती-ओहोटी तिला कॅलेंडरपेक्षा नेमकी कळायची. गाव हसलं. थॉर्नशॉमध्ये त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी बायकोपासून लपवण्यासारखं काही केलं की म्हणत, "हा हत्ती धुवायला गेला होता."

नोराला मात्र ती गोष्ट खरी वाटायची. का, ते तिला सांगता येत नसे. धोट्याची गोष्ट सांगताना आजोबा डोळे मिचकवायचे. रोझीची सांगताना मिचकवत नसत.

एवढाच पुरावा होता. आणि एवढ्यावर क्लिफर्ड सही करणार नव्हता.

"हे बघ नोरा," तो म्हणाला होता, "डोळे मिचकावले नाहीत म्हणून मी आईला दिलेला शब्द मोडू? तो त्या बाईच्या घरी नव्हता असा कागद दाखव. सरकारी. मग बोलू."

"आणि नाही सापडला तर?"

"तर जिथे आहे तिथे सुखात आहेत आजोबा. त्यांनी तक्रार केलेली नाही."

आता असा कागद जगात एकच होता. एकवीस सालची खानेसुमारी. ती एप्रिलात व्हायची, पण कोळशाच्या खाणींत तंटा पेटला आणि जूनमधल्या एका रविवारावर गेली. त्या रात्री जो जिथे झोपला त्याला तिथे लिहायचं, असा राजाचा हुकूम. लिहिलेले कागद शंभर वर्षं कुलपात. नोरा त्या कुलपाकडे डोळे लावून म्हातारी झाली. आता टेकडी चढून दफनभूमीत जाताना तिला तीनदा थांबावं लागे, आणि तिसऱ्या थांब्यावरून खाली गावाकडे बघायचं सोंग करावं लागे.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत कुलूप उघडलं. दुसऱ्याच आठवड्यात नोरा मँचेस्टरच्या गाडीत बसली. सोबत थॉर्नशॉच्या कुळशोध मंडळाचा अध्यक्ष स्टॅनली टॅटरसॉल. घरच्या संगणकावर दर पानाला पैसे पडत, मँचेस्टरच्या मोठ्या ग्रंथालयात फुकट होतं. आणि फुकट म्हटल्यावर स्टॅनली पावसात पायीसुद्धा गेला असता.

"मनाची तयारी ठेव हं, नोरा," गाडीत तो म्हणाला. "कागद काही आपला नातेवाईक नसतो. आमचे पणजोबा म्हणे लॉर्डसाहेबांच्या वाड्यात राहायचे. साठ वर्षं आम्ही ताठ मानेने फिरलो. अकरा सालचा कागद काढला. होते, लॉर्डसाहेबांकडेच होते. तबेल्यात."

"घोडे मोजले होते का रे शेजारी?"

"हस तू. पण ही शेवटची संधी. एकतीस सालचे कागद जळाले, एक्केचाळीसला लढाई होती म्हणून मोजणीच नाही. एक्कावन्नचे उघडतील तेव्हा तू एकशे आठ वर्षांची असशील."

"मग येईन की. तू डबा घेऊन ये."

ग्रंथालयात घुमटाखाली गारठा होता. शेजारच्या पडद्यांसमोर तिच्याच वयाची माणसं कोट न काढता बसली होती, आणि मधूनच एखादी बाई "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवत होती. स्टॅनलीने रुमालात लपवून आणलेला पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा, चिकट तुकडा नोराच्या हातात कोंबला आणि कळफलकावर नाव टाइप केलं. अमोस ओमरॉड. जन्म अठराशे चौऱ्याऐंशी.

उत्तरं दोन आली.

"पहिला ब्लॅकपूलचा," स्टॅनली हळूच म्हणाला. "उघडू?"

नोराने मान हलवली. तिच्या हातातल्या पार्किनचा लगदा झाला होता.

पान उघडलं. घराची मालकीण: हॅरिएट फझाकर्ली. विधवा.

नोराने डोळे मिटले. इतकी वर्षं शेजारणी खरं बोलत होत्या तर. काही क्षण तिला नुसती तिथल्या नळ्यांमधून वाहणाऱ्या गरम पाण्याची गुरगुर ऐकू येत राहिली.

"अगं, खाली वाच," स्टॅनलीचं कोपर तिच्या बरगडीत बसलं. "विधवेचं वय बघ. एकाहत्तर!"

नोराने डोळे उघडले. मालकिणीखाली भाडेकरूंची रांग होती, आणि ती एका पानावर न मावता दुसऱ्यावर उतरली होती. चौदा माणसं आणि खोल्या चार. तलवार गिळणारा एक. तारेवर चालणाऱ्या दोन बहिणी. बाजा वाजवणारे पाच. कुत्र्यांच्या कसरती करणारा एक, आणि दुसऱ्या पानावर, अकराव्या नंबरला, मालकिणीच्या काटकुळ्या अक्षरात: अमोस ओमरॉड, भाडेकरू, वय सदतीस वर्षं एक महिना, विवाहित. एकवीस सालच्या कागदावर माणूस कुणाकडे कामाला आहे तेही लिहावं लागे. तिथे सर्कशीचं नाव होतं. आणि धंद्याच्या रकान्यात, राजाला कळवलं होतं: हत्तीची निगा.

नोरा इतकी मोठ्याने हसली की घुमटाने ते हसू दोनदा परत केलं. तीन पडद्यांवरची माणसं वळली. "माझे आजोबा," ती त्यांना म्हणाली, "हत्ती धुवायचे!" पलीकडच्या एका टकल्या गृहस्थाने गंभीरपणे टोपी उचलावी तसा हात डोक्याला लावला.

"एका खोलीत तिघं-चौघं आणि शेजारी तलवार गिळणारा," स्टॅनली म्हणाला. "इथे प्रेमप्रकरण करायचं म्हणजे आधी रांग लावावी लागली असती. चल, दुसरा अमोस बघू. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल."

दुसरा अमोस दुसरा कुणी नव्हताच. घर थॉर्नशॉमधलंच, मिल रस्ता, चौदा नंबर. नोराचा जन्म ज्या घरात झाला ते. कुटुंबप्रमुख: अमोस ओमरॉड, सदतीस वर्षं एक महिना. खाली सेरा एलन, बायको. खाली एडिथ, मुलगी, अकरा वर्षं दोन महिने, शाळेत. तारीख तीच, रात्र तीच.

स्टॅनली खुर्चीतून अर्धा उठला. मंडळाच्या मासिकात कोणता मथळा द्यावा ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. "दोनदा मोजला! एका रात्रीत दोन घरी! सरकारी नियमाने चूक आहे ही, शुद्ध चूक. त्या रात्री घरात नसेल त्याला लिहायचंच नाही. तुझ्या आजीला सूचना कळल्या नसतील."

नोरा पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

आजीचं अक्षर तिला माहीत होतं. आजी सही करायची तीसुद्धा हातात सुई नसल्याबद्दल माफी मागितल्यासारखी. कागदाच्या तळाशी ती सही होती, थरथरती. पण वरचं सगळं, नावं, वयं, जन्मगावं, ते आजीचं नव्हतंच. घरात सरकारी कागद आला की शाळेत जाणाऱ्या पोराने लिहायचा, हीच गिरणीवस्तीची रीत. आणि ही अक्षरं डावीकडे कललेली होती. उजवीकडून वारा सुटल्यासारखी. डावखुऱ्या मुलीला शाळेत पट्टी मारून उजव्या हाताने लिहायला लावलं की अक्षरं अशी रुसतात. हीच अक्षरं नोराने जॅमच्या शेकडो बरण्यांवर वाचली होती, शाळेच्या डब्याला बांधलेल्या चिठ्ठ्यांवर, लग्नानंतर दर मंगळवारी येणाऱ्या पत्रांवर.

"स्टॅनली," ती म्हणाली, "हे माझ्या आईने लिहिलंय."

मग तिला शेवटचा रकाना दिसला. कामाचं ठिकाण. तिथे गिरणीचं नाव हवं होतं. एडिथने तिथे लिहिलं होतं: शनिवारी येणार. पुढे कुणा कारकुनाने त्या दोन शब्दांवर हिरव्या शाईची रेघ ओढली होती, कारण 'शनिवारी येणार' हे काही ठिकाण नव्हे. रेघेखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

परतीच्या गाडीत स्टॅनली दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा, आयुष्यात प्रथमच, त्याने बेत बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोरा दोन्ही कागदांच्या छापील प्रती आणि दफनभूमीचा अर्ज घेऊन क्लिफर्डच्या स्वयंपाकघरात पोचली. क्लिफर्ड बटाटे सोलत होता. गेल्या वर्षी बायको गेल्यापासून तो रोज सहा बटाटे सोलायचा आणि तीन खायचा.

"काय मिळालं?"

"आधी चष्मा लाव."

त्याने ब्लॅकपूलचा कागद वाचला. बोटाने ओळ धरून, वेळापत्रक वाचावं तसा. तलवार गिळणाऱ्यापाशी बोट थांबलं, हत्तीपाशी जास्तच थांबलं. मिशीचं एक टोक हललं. पण तो क्लिफर्ड होता.

"म्हणजे त्या बाईच्याच घरी होता."

"एकाहत्तर वर्षांची म्हातारी, क्लिफर्ड! चौदा भाडेकरू!"

"मी काय म्हणालो होतो? तिच्या घरी नव्हता असा कागद दाखव. हा तर होता असं म्हणतोय. हत्तीचं खरं निघालं, आनंद आहे. एवढी वर्षं हसलो त्याबद्दल मी हत्तीची माफी मागतो. पण बायको-पोर उपाशी टाकून गेला तो गेलाच ना? आई तेच म्हणायची. विधवेचं नाव तिने कधी घेतलं नाही, ते शेजारणींनी घेतलं."

ते खरंच होतं. आईने कधीच विधवेचं नाव घेतलं नव्हतं. नोराने दुसरा कागद पुढे सरकवला. वाद घालायचं बळ नव्हतं म्हणून नुसता सरकवला.

क्लिफर्डने वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला बोट उचललं. मग तो उठला, हात धुतले, पुसले, पुन्हा बसला आणि कागद दोन्ही हातांनी धरला.

"आईचं अक्षर."

"हो."

"अकरा वर्षं दोन महिने."

"वर्गात पहिली यायची. सूचना तिने वाचल्या नसतील असं मला नाही वाटत, क्लिफर्ड. जो घरात नाही त्याला लिहायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी वडिलांना सगळ्यात वर लिहिलं. आजीने खाली सही केली."

क्लिफर्डचं बोट हळूहळू शेवटच्या रकान्याशी गेलं. हिरव्या रेघेखाली जे होतं ते त्याने ओठ हलवत वाचलं. बाहेर शेजाऱ्याच्या आवारात कुणीतरी कोळशाची बादली आपटली.

"तिला कार्ड आलं असणार," तो म्हणाला. "शनिवारी येतो म्हणून."

"आणि शनिवारी सर्कशीचे खेळ. कोण सोडतंय?"

"मग पुढच्या शनिवारी येतो म्हणून आलं असेल." तो थांबला. "नोरा, मी बसवर लागलो तेव्हा आई मला काय म्हणायची, आठवतंय?"

नोराला आठवत होतं. भेटून निघताना दारात उभी राहून एडिथ दोघांनाही तेच म्हणायची. नोराच्या नवऱ्याला म्हणायची, नातवंडांना म्हणायची, एकदा तर विम्याच्या एजंटालाही म्हणाली होती. कधी येणार ते सांगू नकोस. आलास की आलास. घरातल्या सगळ्यांना तो तिचा मोकळा स्वभाव वाटायचा. कुणाला बांधून न ठेवणारी बाई, असं तिच्या अंत्यविधीत पाद्रीसुद्धा म्हणाला होता.

"मला वाटायचं ती माझी ड्यूटी समजून घेते," क्लिफर्ड म्हणाला. त्याने चष्मा काढला आणि बटाट्याच्या सालीत ठेवला. "तेरा-चौदा शनिवार झाले असतील गं. त्या दाराच्या पायरीवर."

"रागावली ती त्याच्यावरच. बाई-बिई काही नव्हतं."

"जन्मभर रागावली."

"ज्याची वाट बघितली त्याच्यावरच माणूस इतका रागावतो," नोरा म्हणाली आणि मग तिला वाटलं हे जरा पाद्र्यासारखं झालं, म्हणून तिने उठून किटली गॅसवर ठेवली.

चहा झाला. क्लिफर्डने तो निवेपर्यंत कागदाकडे पाहिलं. मग अर्ज जवळ ओढला.

"तुझा शब्द?" नोराने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण पुढे आयुष्यभर त्याने ते तिच्या माथी मारू नये, म्हणून विचारलं.

"शब्द दिला तो अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला," क्लिफर्ड म्हणाला. "ही अकरा वर्षांची तिच्याहून थोरली आहे. हिने आधी लिहून ठेवलंय, आणि राजाला पाठवलंय. मी काय, साधा बसवाला."

त्याने खिशातून पेन काढलं, अर्जाच्या कोपऱ्यावर घासून चालतं का ते पाहिलं. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. पुढचा रकाना मृताशी असलेल्या नात्याचा होता. तिथे पेन टेकवून तो थांबला.

नोरा खिडकीशी उभी राहून त्याचे उरलेले तीन बटाटे कापायला लागली. घाई कर, असं ती म्हणाली नाही. तिच्या पाठीमागे बऱ्याच वेळाने पेनाचा आवाज आला, ठळक, एकेक अक्षर सुटं लिहिणाऱ्या माणसाचा: नातू.